हेल्मेटच्या आत काय घालायचं?

हेल्मेटखाली साधा रुमाल बांधला की अर्ध्या तासात कपाळावर गाठ टोचायला लागते, आणि कॉटन असेल तर घामाने ओला होऊन तसाच चिकटून बसतो. त्यापेक्षा हे करून बघा:

१. पातळ, ताणणारी, पॉलिस्टर किंवा तत्सम कापडाची स्कल कॅप (डोक्याला घट्ट बसणारी टोपी) नाहीतर बालाक्लावा (डोकं आणि मान झाकणारी, चेहऱ्यापुढे उघडी टोपी) घ्या, घाम लवकर सुकतो.

२. घेताना शिवण बोटाने चाचपा. कपाळावर किंवा कानामागे जाड शिवण नको. घरी आहे तीच टोचत असेल तर उलटी घाला, शिवण बाहेरच्या बाजूला जाते आणि बराच फरक पडतो!

३. मानेला लांब स्कार्फ नको, टोकं सुटून चाकात किंवा चेनमध्ये जाऊ शकतात. गोल शिवलेला नेक ट्यूब बरा. चष्मा असेल तर नेक ट्यूब नाकाच्या खालीच ठेवा, नाहीतर श्वास वर जाऊन चष्म्याची काच धुरकट होते.

एक मात्र बघा, कॅप घालून हेल्मेट चढवा, पट्टा लावा आणि डोकं जोरात हलवा. हेल्मेट वेगळं फिरलं किंवा नीट खालपर्यंत बसलंच नाही तर ती कॅप जाड आहे किंवा घसरतेय, दुसरी घ्या. थंडीसाठी जाड लोकरीची टोपी तर आत नकोच.