एआय एजंटसाठी पासवर्ड बदलण्याच्या साधनाचे दस्तऐवज कसे लिहावे

लिनक्सवरील पासवर्ड बदलण्याची 'पासडब्ल्यूडी' (passwd) ही आज्ञा माणसासाठी घडवलेली आहे: ती जुना पासवर्ड विचारते, नवा दोनदा टाइप करून घेते आणि उत्तराची वाट पाहत थांबते. एआय एजंट, म्हणजे माणसाच्या वतीने स्वतः आज्ञा चालवणारा प्रोग्राम, मात्र अशा प्रश्नापाशी अडकून पडतो; त्याला सगळे आधीच सांगावे लागते. म्हणून दस्तऐवजाच्या पहिल्याच वाक्यात, हे साधन कोणाच्या खात्यावर, कोणत्या अधिकाराने आणि कोणाच्या संमतीनंतर चालवायचे, हे स्पष्ट लिहावे. कधी चालवू नये, हेही तिथेच सांगावे.

सर्वाधिक काळजी गुप्त मजकुराच्या वाटेची घ्यावी. आज्ञेच्या ओळीत लिहिलेला पासवर्ड चालू प्रक्रियांच्या यादीत इतरांना दिसू शकतो आणि शेलच्या (आज्ञा टाइप करण्याच्या प्रोग्रामच्या) इतिहासातही उरतो. त्यामुळे पासवर्ड बदलण्याच्याच 'सीएचपासडब्ल्यूडी' (chpasswd) या आज्ञेप्रमाणे तो मानक इनपुटमधून, म्हणजे आज्ञेच्या ओळीत न लिहिता चालू प्रोग्रामला वेगळा पुरवून, द्यावा, आणि शक्य असेल तर एजंटच्या संवादात तो येऊच देऊ नये, कारण संवादाच्या नोंदी बहुधा साठवल्या जातात. उदाहरणांतही खरा वाटेल असा पासवर्ड लिहू नये. एजंट उदाहरण जसेच्या तसे उचलतो.

निर्गम संकेतांचा, म्हणजे आज्ञा संपताना ती परत देत असलेल्या आकड्यांचा, अर्थ कृतीसह द्यावा. 'पासडब्ल्यूडी'मध्ये 0 म्हणजे यश. 1 म्हणजे परवानगी नाकारली, तेव्हा पुन्हा प्रयत्न न करता माणसाला कळवावे. 5 म्हणजे पासवर्डची फाइल व्यग्र आहे, तेव्हा थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. पुनर्प्रयत्नांची मर्यादा आकड्यातच लिहावी, कारण 'काही वेळा' हे शब्द एजंटला पुरत नाहीत.