जर्मनीतल्या शेअर फ्लॅटमध्ये खालची बेल वाजली की

इथे खालच्या दारावर फ्लॅट नंबर नव्हे, आडनावं असतात. म्हणून राहायला आलात की पहिल्याच आठवड्यात घरमालकाला किंवा हाउसमायस्टरला (इमारतीची देखभाल करणाऱ्याला) सांगून बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव लावून घ्या. नाव नसेल तर बँकेचं कार्ड, विम्याची पत्रं परत जातात. पूर्ण नाव कशाला, आडनाव पुरतं.

बेल वाजली की आधी घरातल्या इंटरकॉमचा रिसीव्हर उचला, कोण आहे ते विचारा, मगच किल्लीचं चित्र असलेलं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. खालच्याने घर्रर्र आवाज चालू असतानाच दार ढकलायचं असतं. "उघडतच नाही" ही तक्रार बहुधा यामुळेच येते.

पार्सलवाल्याला विचारा, कोणाच्या नावाचं? "वरच्या मजल्यावर आलोय" म्हणणाऱ्याला सरळ सांगा, त्यांचीच बेल वाजवा. मीटर बघायला येणाऱ्यांची सूचना सहसा आधीच जिन्यात लागते. कोणी पोलीस असल्याचं सांगितलं आणि शंका आली, तर दार न उघडता पोलिसांच्या 110 नंबरवर खात्री करा. फ्लॅटमेटचा पाहुणा असेल तर फ्लॅटमेटला फोन लावा. नुसता ओळखीचा वाटतो म्हणून उघडू नका.

बेल ऐकूच येत नसेल तर रिसीव्हर नीट ठेवलाय का आणि आवाज बंद करायचं बटण दाबलं गेलंय का, हे बघा. परीक्षेच्या दिवसांत कोणीतरी ते हमखास दाबून विसरतं.