उंदीर घरात शिरण्याआधी: दरवर्षी दिसणाऱ्या त्याच त्या चुका

निफाड तालुक्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. थंडी जवळ आली हे मला उंदराच्या औषधाच्या खपावरून कळतं. दिवाळी सरली की एकेक जण येतो, पुराव्याला कुरतडलेली चार्जरची वायर नाहीतर पोत्याचा फाटका कोपरा घेऊन, आणि म्हणतो, "शेठ, काहीतरी जालीम द्या." मी देतो, धंदाच आहे. पण भोकं बुजवायचं काम दसऱ्याच्या आधीचं होतं, हे त्याला दरवर्षी सांगतो आणि तो दरवर्षी मान डोलावतो.

आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे लोकांना वाटतं उंदीर थंडीनेच आत येतात. थंडी असतेच, पण तिच्या आधी येते काढणी. दसऱ्याच्या मागेपुढे सोयाबीन निघतं, पाठोपाठ मका, बांधावरचं गवत कापलं जातं. उंदराचा दाणा गेला, आडोसाही गेला. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण नवा माल पडवीत आणून रचतो. मग त्याने जावं तरी कुठे?

घटस्थापनेच्या आधी घरोघरी आवराआवर निघते. पलंग, कपाटं, धान्याच्या कोठ्या जागेवरून हललेल्या असतात. भिंतीचा तळ वर्षातून तेवढाच एकदा धड दिसतो. त्याच दिवशी थापी-घमेलं घेऊन बसलं तर निम्मं काम होतं. पण बायका घर काढत असतात आणि घरधनी "दिवाळीत बघू" म्हणून पारावर गेलेला असतो.

फोम, चिंध्या आणि कागदाचे बोळे

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवणारी चूक ही. भोक दिसलं की हाताला लागेल ते कोंबायचं: जुनं धोतर, थर्माकोल, रद्दी, लाकडाची खुंटी. हल्ली त्यात पीयू फोमच्या बाटलीची भर पडली आहे. बाटली हलवली, नळी लावली, फुसकन फोम मारला, फुगला, झालं. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडल्याशिवाय त्याला गत्यंतर नाही. फोम, प्लास्टिक, रबर, लाकूड, भुसभुशीत गिलावा, यातलं काहीही तो पोखरतो.

आमच्या गावातल्या एका गुरुजींनी नवं घर बांधलं. एसी बसवायला आलेल्या पोरांनी पाइपासाठी भिंतीला चांगलं अडीच इंची भोक पाडलं, उरलेल्या फटीत फोम मारला आणि वरून पांढरी पुट्टी फिरवली. दिसायला झकास. गुरुजींनी कौतुकाने मला नेऊन दाखवलं. म्हटलं, "गुरुजी, यावर जाळी मारून सिमेंट करून घ्या." तर म्हणाले, "आता नव्या रंगावर परत कुठे खोदाखोदी?"

थंडी सुरू झाली आणि रात्री पीओपीच्या छतावरून खरखर ऐकू यायला लागली. गुरुजी आले, फोमची दुसरी बाटली घेऊन गेले. मी नको म्हणत होतो, पण रविवारी सकाळी दहा मिनिटांत सुटणारा प्रश्न त्यांना हवा होता. पुढे एका संध्याकाळी हॉलमधले लाइट गेले. वायरमनने छतातला पॅनेल लाइट उतरवला, तर मूठभर लेंड्या आणि पिवळट भुगा त्याच्या डोक्यावर पडला. उंदरांनी फोम कुरतडून रस्ता तर केलाच होता, त्या भुग्याचं मऊ घरटंही केलं होतं, तेही वायरिंगला लागून. तांब्याच्या तारा उघड्या पडलेल्या. आग लागली नाही हे नशीब. छत दोन ठिकाणी कापावं लागलं, आणि रंगावर खोदाखोदी झाली ती वेगळीच. जाळीचा तुकडा आणि ओंजळभर सिमेंट, एवढ्याचं काम होतं ते.

माझी पद्धत साधी आहे. भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची तारेची घासणी भोकात घट्ट दाबायची (साधी लोखंडी नको, ओलीने गंजून पावडर होते), वर एकास तीन सिमेंट-वाळू. भोक मोठं असेल तर पाव इंची वेल्डमेश (तारा जोडून केलेली चौकोनी लोखंडी जाळी) कापून चारी बाजूंनी खिळ्यांनी ठोकायची आणि मग गिलावा. फोम मारायचाच असेल तर जाळीच्या आतल्या बाजूला मारा, वारा अडवायला. जुनी माणसं बिळात काचेचा चुरा घालायला सांगतात. ते चालतं, पण पुढच्या वर्षी तिथे प्लंबरचा हात जातो, म्हणून मला पटत नाही.

जाळी घेतानाही लोक चुकतात. खुराड्याची षटकोनी जाळी स्वस्त पडते, पण तिच्यातून लहान उंदीर आरामात जातो. नायलॉनची मच्छरजाळी तर एका रात्रीत कापतो. पेन्सिल सरकेल एवढ्या फटीतून घरचा लहान उंदीर आत येऊ शकतो, कारण डोकं गेलं की बाकीचं अंग तो दाबून घेतो. म्हणून मी टेपने मोजत बसत नाही, कानावर पेन्सिल ठेवून घराला फेरी मारतो. दारांसाठी अंधार पडल्यावर आतले दिवे लावून बाहेरून बघा. दाराखालून उजेडाची रेघ दिसली, तिथे जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्याची पट्टी. नुसती रबराची पट्टी लावाल तर महिन्यात तिचा कोपरा खाल्लेला दिसेल.

हटकून विसरल्या जाणाऱ्या जागा: सिंकखालचा पाइप, गॅसची नळी बाहेरून येते ते भोक, मीटरची केबल, मोरीची तुटकी जाळी, एक्झॉस्ट फॅन, आणि पत्र्याच्या घरात भिंतीच्या माथ्यावरच्या पन्हळी. पन्हळीतली प्रत्येक पोकळी म्हणजे उघडं दार. विटेचा तुकडा आणि सिमेंट, एकेक करून. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला दुसरा उपाय मला माहीत नाही. छतावर टेकलेली जांभळाची, शेवग्याची फांदीही छाटा.

घरात औषध टाकणं

दुसरी चूक हिच्याहून वाईट. औषध टाकायला मेहनत लागत नाही, म्हणून ते सगळ्यांना आवडतं.

वस्तीवरच्या एका घरात माळ्यावर ब्रोमाडिओलोनचे केक ठेवले होते. दोन दिवसांनी केक गायब. मंडळी खूश, म्हणाले खाल्ले बरं का. आणखी ठेवले, तेही गायब. पंधरा दिवसांनी आजीबाईंनी बाजरी निवडायला घेतली आणि सुपात रंगीत तुकडे दिसले. उंदरांनी केक जागेवर खाल्लेच नव्हते, उचलून बाजरीच्या पोत्यात साठवले होते. साठवणं ही त्यांची सवयच. नातवंडांचं घर, सगळ्यांची त्याच पोत्यातली भाकरी. आजीची नजर शाबूत म्हणून निभावलं, नाहीतर ते तुकडे गिरणीत गेले असते. सबंध पोतं खड्ड्यात पुरलं. सुनेने विचारलं, "नुसते केकचे तुकडे वेचून काढले तर?" आजीने तिच्याकडे बघितलं आणि पोतं स्वतः ओढत नेलं.

ब्रोमाडिओलोन रक्त गोठू देत नाही, उंदीर मरायला चार-पाच दिवस तरी घेतो. हे न कळलेला माणूस दुसऱ्याच सकाळी दुकानात येऊन "शेठ, माल बोगस आहे" म्हणतो. आणि मरतो तो तुमच्या सोयीच्या जागी मरत नाही. कपाटामागे, छतात, फ्रिजखाली मरतो, आणि पुढे आठ-दहा दिवस घरात जेवण जात नाही. झिंक फॉस्फाईड म्हणजे काळी पूड, पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू करते. तिच्यावर उतारा नाही, कोंबडी, कुत्रं, मूल कोणीही जाऊ शकतं. पिवळ्या फॉस्फरसची ट्यूब तर मी दुकानातच ठेवत नाही. ती यकृत निकामी करते आणि तिच्यावरही उतारा नाही. गिऱ्हाईक रागावून शेजारच्या दुकानात जातं, जाऊ दे.

औषध वापरायचंच असेल तर शेताच्या बांधावर, बिळात, आणि कृषी सहायकाला विचारून. चार भिंतींच्या आत पिंजरा.

एकच पिंजरा, तोही खोलीच्या मधोमध

उंदीर भिंतीच्या कडेने मिशा टेकवत धावतो. खोलीच्या मध्यावर तो येतो फक्त घाबरल्यावर. पिंजरा भिंतीला लावून, तोंड कडेच्या वाटेवर येईल असा ठेवा. वाट कुठली हे कळत नसेल तर रात्री भिंतीकडेला रांगोळीची पातळ धूळ पसरा, सकाळी पावलं दिसतात. लहान उंदीर घरट्यापासून फार लांब फिरत नाही, म्हणून एका पिंजऱ्याने भागत नाही. स्वयंपाकघर, कोठी, माळा, सगळीकडे एकाच रात्री लावा. शेजाऱ्यांकडून मागून आणा, विकत घ्याच असं म्हणत नाही.

लहान उंदीर चौकस असतो, पहिल्या रात्रीही अडकतो. मोठा काळा उंदीर आणि घूस नव्या वस्तूला बिचकतात. त्यांच्यासाठी पिंजरा दोन-तीन दिवस दार बांधून उघडा ठेवा, आत खाऊ टाका, सवय लागली की मग चाप चढवा. एवढा धीर कोणाला नसतो. पहिल्या रात्री रिकामा दिसला की पिंजरा माळ्यावर आणि माणूस परत माझ्या काउंटरवर. खाऊ म्हणाल तर भाजलेलं खोबरं, शेंगदाणा, भज्याचा तुकडा. चीज वगैरे कार्टूनमध्ये.

क्रम मात्र चुकवू नका. बाहेरची सगळी भोकं एका दिवसात बुजवायची आणि त्याच संध्याकाळी आत पिंजरे लावायचे. मादी साधारण तीन आठवड्यांत विते, पिलं दीड-दोन महिन्यांत स्वतः वियाला तयार होतात. "आज दोन भोकं, उरलेली पुढच्या रविवारी" करणाऱ्याकडे म्हणूनच उंदीर संपत नाहीत.

आता उरलेल्या चुका, पटापट.

प्लगला लावायचं आवाजाचं यंत्र: पैसे पाण्यात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच साठाहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना त्यांच्या दाव्यांबद्दल बजावलं होतं. आपल्याकडे अजून जोरात खपतं.

डांबरगोळ्या, फिनाईल, पुदिन्याचं तेल: वास उडाला की उंदीर हजर.

मांजर: पाळा हवं तर, पण ते पोसलेलं असलं की उंदराकडे बघत बसतं.

चिकटपट्टी: पाली, चिमण्या, मांजराची पिलं अडकतात आणि तडफडतात. मला बघवत नाही. अडकलेल्या जिवाला सोडवायला खाण्याचं तेल लावा.

चिचुंद्री मारणं: लांब सोंड, चिकचिक आवाज, उग्र वास. ती उंदीर नव्हेच, झुरळं-किडे खाते. तिला वाट द्या.

"गणपतीचं वाहन आहे, मारवत नाही" म्हणणाऱ्यांचा मला आदर आहे. मग सिमेंट त्यांनीच सगळ्यांच्या आधी न्यायला हवं.

बंद घरात धान्य ठेवून जाणं: मुलांच्या शाळेसाठी नाशिकला राहायला गेलेल्यांचं हे नेहमीचं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पडक्या, ओस घरांतल्या धान्यावर उंदीर माजले, आणि १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी प्लेग निघाला त्यामागे हेही एक कारण सांगितलं गेलं. धान्य पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवा, कोठी जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून हात जाईल एवढी लांब. नाहीतर विकून टाका.

लेंड्या कोरड्या झाडूने झाडणं: धूळ नाकात जाते. उंदराच्या मुतातून लेप्टोसारखे आजार पसरतात. हातमोजे घालून आधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडा, दहा मिनिटं थांबा, फडक्याने पुसून घ्या आणि फडकं टाकून द्या. पिंजराही तसाच धुवा, आणि धुतलेला पिंजरा उन्हात वाळवून मगच शेजाऱ्याला परत करा.