एबलटन लाइव्हमध्ये नॉब मॅप करायचे तर रेंजकडे लक्ष द्या

अकाई एमपीके मिनीसारखा छोटा कीबोर्ड घेतला, सिंथ (कॉम्प्युटरमधलं आवाज तयार करणारं वाद्य) वाजायला लागला, पण वरचे आठ नॉब तसेच पडून, असं खूप जणांचं होतं. सगळ्यात आधी एबलटन लाइव्ह या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये मिडीच्या (कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती भाषा) पानावर जा आणि कीबोर्डच्या इनपुटसमोर ट्रॅक आणि रिमोट दोन्ही ऑन करा. नुसता ट्रॅक ऑन असला तर सूर वाजतात पण मॅपिंग, म्हणजे नॉब स्क्रीनवरच्या कंट्रोलला जोडणं, काही होत नाही, आणि लोक उगाच केबलला दोष देत बसतात.

आता कंट्रोल+एम दाबा, मॅकवर कमांड+एम. स्क्रीन निळी होते. जे हलवायचंय त्यावर क्लिक करा, नॉब थोडा फिरवा, परत कंट्रोल+एम, झालं काम.

खरी मजा मात्र पुढे आहे आणि तिथेच बरेच जण थांबतात. नॉब साधारण ० ते १२७ एवढेच आकडे पाठवतो आणि लाइव्ह ते पॅरामीटरच्या (जे हलवायचंय त्याच्या) पूर्ण रेंजवर ताणतं, म्हणजे ट्रॅकचा व्हॉल्यूम मॅप केला तर नॉब पूर्ण फिरवल्यावर फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) थेट +६ डीबीवर जातो, स्टेजवर वाजवताना हे फार वाईट. मॅपिंग मोडमध्येच डावीकडे मॅपिंगची यादी दिसते, तिथे मॅक्स ० डीबी करा. फिल्टरलाही तसंच, ढोलाच्या लूपवर कटऑफ (फिल्टर जिथून आवाज कापतो ती जागा) २०० हर्ट्झ ते ८ किलोहर्ट्झ एवढाच ठेवून बघा, नॉबचा प्रत्येक मिलिमीटर कामाचा वाटतो. उलटं फिरवायचं असेल तर मिन-मॅक्सची अदलाबदल करा.

दुसरी गोष्ट टेकओव्हर मोड, तोही मिडीच्याच पानावर आहे. नॉब एका जागी आणि स्क्रीनवरचा आकडा दुसरीकडे असला की हात लावताक्षणी आवाज उडी मारतो. पिकअप निवडलं तर नॉब त्या आकड्यापर्यंत पोचेपर्यंत काहीच हलत नाही. एंडलेस एन्कोडर (न अडकता गोल फिरत राहणारे नॉब) असतील आणि ते रिलेटिव्ह मोडवर (फक्त किती फिरवलं तेवढंच पाठवणारे) असतील तर हा प्रश्नच येत नाही.

आणि प्लीज, दिसेल ते मॅप करत सुटू नका. इन्स्ट्रुमेंट सिलेक्ट करून कंट्रोल+जी ने रॅक (वाद्य आणि इफेक्ट एकत्र ठेवणारा डबा) करा, कटऑफ, रेझोनन्स (कटऑफजवळचा आवाज उठवणारा), रिव्हर्ब (घुमणारा आवाज) असं जे खरंच हलवणार ते मॅक्रोवर (रॅकच्या स्वतःच्या नॉबवर) घ्या आणि नॉब मॅक्रोला जोडा, एका मॅक्रोवर दोन-तीन गोष्टी एकदम चालतात. हाताने केलेली मॅपिंग त्या सेटमध्येच (लाइव्हच्या त्या गाण्याच्या फाइलमध्येच) सेव्ह होते, नव्या सेटमध्ये येत नाही, म्हणून सगळं जमलं की तो सेट डिफॉल्ट म्हणून सेव्ह करून टाका.