व्हेल बघायला बोटीवर जाताय? निदान या चुका तरी टाळा

पाच ट्रिपा झाल्यात माझ्या आणि प्रत्येक वेळी बोटीवर कोणीतरी तेच करताना दिसतं, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक गोळीची. लोक उलटीची गोळी खिशात ठेवून चढतात आणि मळमळायला लागलं की घेतात, तोवर उशीर झालेला असतो, गोळी पोटात ठरतच नाही. माझ्या मामेभावाला धक्क्यावर दोनदा म्हटलं, अरे आत्ताच घे, तर म्हणे मला बोट लागत नाही. उपाशीपोटी चढला, शिवाय खाली केबिनमध्ये जाऊन फोनवर कालचे फोटो बघत बसला. अर्ध्या तासात चेहरा पांढराफटक. नेमकी तेव्हाच हम्पबॅक जातीच्या व्हेलची मादी पिल्लाला घेऊन वर आली, सगळी बोट ओरडतेय आणि हा बादलीत तोंड घालून. ते पिल्लू त्याने बघितलंच नाही, मला आजही वाईट वाटतं. मी निघायच्या तासभर आधी काहीतरी कोरडं खातो, गोळी घेतो (कुठली ते डॉक्टरांना विचारा, काहींनी झोप येते) आणि मग बोटीच्या मधोमध उघड्यावर उभा राहून क्षितिजाकडे बघत राहतो. पुढच्या टोकाला फोटो भारी येतात पण हेलकावे तिथेच जास्त.

सुट्टीच्या शेवटच्या दिवसाचं बुकिंग करू नका. समुद्र खवळला की ट्रिप रद्द, मग हातात दुसरा दिवसच नाही.

सीझन बघा. न्यूझीलंडमधल्या कायकोराला स्पर्म व्हेल वर्षभर असतात, पण श्रीलंकेतल्या मिरिस्साला ब्लू व्हेलसाठी नोव्हेंबर ते एप्रिलच धरा, ऑगस्टमध्ये जाऊन समुद्राला नावं ठेवू नका.

आता ज्याची मला खरंच चीड येते ते. "अजून जवळ घ्या ना!" पुष्कळ देशांत 100 मीटरच्या आसपास अंतर ठेवायचा नियम आहे आणि तो उगाच नाहीये. एका ट्रिपला लोकांनी इतका तगादा लावला की कॅप्टनने बोट थेट एका व्हेलच्या मागे घातली, त्या व्हेलने दोनदा श्वास घेतला आणि जी बुडी मारली ती परत दिसलीच नाही. पैसे भरलेत म्हणून प्राणी बांधील होत नाही हो. शेपूट पूर्ण वर आली म्हणजे खोल बुडी, स्पर्म व्हेल असेल तर पाऊण तास सहज जातो, तेवढा वेळ थांबायची तयारी नसेल तर येऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. मी तर बुकिंगच्या आधीच विचारतो, व्हेल दिसल्यावर इंजिन बंद करता का? नाही म्हणाले तर दुसरी बोट. कारण इंजिन बंद असलं की व्हेल वर येऊन श्वास सोडतो ना, तो आवाज ऐकू येतो, लांबून पण.

जॅकेट उन्हाळ्यातही घ्या. आणि फोनचा झूम विसरा, दुर्बीण आणा.