हेलिकॉप्टरचा आवाज: आधी नीट ऐका, मग मागणी करा

माझ्या अप्पांनी चौतीस वर्षं यंत्रमाग चालवला. सोलापुरात अशोक चौकामागच्या बोळात पत्र्याची शेड, शेडमध्ये सोळा माग, आणि प्रत्येक मागावर आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या पेटीतून त्या पेटीत आदळणार. अशा शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. आज अप्पांना नातवंडांचं बोलणं कळत नाही. 'स', 'श', 'फ' ही अक्षरं त्यांच्या कानापर्यंत पोचतच नाहीत. पण हेलिकॉप्टर आलं की घरात सगळ्यात आधी कळतं ते अप्पांनाच. गोंगाटाने जाणारा कान आधी उंच पट्टीत जातो, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास. खालची पट्टी शाबूत राहते, आणि हेलिकॉप्टरची धपधप नेमकी तिथेच असते.

मी कान तपासायचं काम करते. होटगी रस्त्याच्या बाजूला आमचं छोटं केंद्र आहे. मागच्या निवडणुकीत जवळच्या मैदानावर तात्पुरतं हेलिपॅड केलं होतं. सहा वर्षांच्या एका मुलाची तपासणी चालू होती. आवाजबंद खोलीत बसवून त्याला २५० आणि ५०० हर्ट्झचे सूर ऐकवत होते. आमची खोली हॉर्न अडवते, माणसांचं बोलणं अडवते. खालच्या पट्टीची धपधप तिच्या भिंतींना जुमानत नाही. मुलगा प्रत्येक धपेला बटण दाबायला लागला. तपासणी थांबवावी लागली. त्याची आई अक्कलकोटकडच्या गावातून एसटीने आली होती, रोजगार बुडवून. तिला पुन्हा यावं लागलं. ते मला फार लागलं. हा आवाज कसा मोजायचा आणि तो कमी व्हावा म्हणून काय मागायचं, हे त्यानंतर वर्षभरात शिकले. ते तुम्हाला उपयोगी पडेल असं लिहिते.

आधी एक वही घ्या. तारीख, पहिल्यांदा ऐकू आलं ती वेळ, बंद झालं ती वेळ, कुठल्या दिशेने आलं, उतरत होतं की चढत होतं की नुसतंच वरून गेलं, एवढंच लिहायचं. "फार त्रास होतो" हे वाक्य कुठल्याही कचेरीत कुणी वाचत नाही, वेळा लिहिलेला कागद मात्र वाचतात. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप टाका, पण फोनचा आकडा अंदाजच समजा. एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात खरा मीटर असतो. फोन त्याच्या शेजारी ठेवून दोघांतला फरक एकदा लिहून घ्या. मोजताना गच्चीवर भिंतीपासून लांब उभं राहा, कारण भिंतीवरून परतलेला आवाज आकडा फुगवतो. फोन अंगापासून हातभर दूर धरा, वारा थेट माइकवर येऊ देऊ नका.

ॲपमध्ये 'ए' आणि 'सी' असे दोन पर्याय दिसतील. सगळे 'ए' वापरतात, कायदाही तोच वापरतो, पण 'ए' खालच्या पट्टीचे डेसिबल कापून मोजतो. म्हणून दोन्ही घ्या. 'सी' चा आकडा 'ए' पेक्षा पंधरा-वीसने जास्त आला, तर तुमचा त्रास खालच्या पट्टीचा आहे. घरातले पत्रे, काचा, मांडणीवरची भांडी थरथरतात ती त्यामुळेच. (पत्र्याच्या बोल्टखाली रबरी वॉशर घाला. धपधप थांबणार नाही, पण तिच्यावर चढणारा खडखडाट थांबतो. आमच्या घरी एवढ्यानेच निम्मी चिडचिड गेली.)

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४० अशी मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा पट्टा सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. पण हे आकडे सरासरीचे आहेत. तीन मिनिटांचं हेलिकॉप्टर दिवसाच्या सरासरीत विरघळून जातं, म्हणून सगळ्यात मोठा आकडा आणि किती वेळा आलं हेही लिहा. शिवाय उडत्या विमानाचा कारभार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे असतो. त्यामुळे पत्रात गुन्ह्याची भाषा नको. जागा आणि वाट बदलून मागा.

आता आवाज ओळखायला शिका, कारण मागणी त्यावर ठरते. मोठ्या पंख्याच्या पात्याचं टोक किती वेगाने फिरतं, हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा. काढायला सोपा आहे: पंख्याचा व्यास गुणिले ३.१४, गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ६०. बेल २०६ हे जुनं, सगळीकडे दिसणारं हेलिकॉप्टर घ्या. व्यास १०.१६ मीटर, मिनिटाला ३९४ फेरे. टोकाचा वेग येतो सेकंदाला सुमारे २१० मीटर, ध्वनीच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त. पाती दोन, म्हणजे सेकंदाला तेरा धपा. टोकाचा वेग थोडा उतरला तरी आवाज बराच उतरतो.

उतरताना धपधप वाढते त्याचं कारण मला मागावरून कळलं. धोटा नुसता धावतो तेव्हा त्याचा फारसा आवाज नसतो, पेटीवर आदळतो तेव्हा असतो. पातं हवेतून जाताना टोकाशी एक भोवरा सोडतं. हेलिकॉप्टर पुढे जात असलं की तो मागे-खाली निघून जातो. मध्यम वेगाने, मध्यम उताराने खाली येताना मात्र पुढचं पातं त्याच भोवऱ्यावर आदळतं. तीच ती छातीत बसणारी धप. उतार किंवा वेग बदलला की ती बरीच कमी होते आणि अनुभवी पायलटला हे ठाऊक असतं. कसं उतरवायचं हे आपण त्याला सांगायचं नाही, तो सुरक्षेचा प्रश्न आहे. उतरताना घरांवरून येऊ नये, एवढं आयोजकांना सांगता येतं. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने शांतता हव्या असलेल्या भागावरून निदान २००० फुटांवरून जावं असा सल्ला दिलेला आहे. सक्ती नाही, सल्लाच, पण पत्रात लिहायला चांगला आहे.

अंतराचा हिशोब लक्षात ठेवा: अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. शंभर मीटरवरचं हेलिपॅड दोनशे मीटरवर नेलं तर सहा, चारशेवर नेलं तर बारा. आणि वाट अशी मागा, जिथे आधीच आवाज आहे. आपल्याकडे रेल्वेमार्ग, हायवे आणि अक्कलकोट रस्त्याची एमआयडीसी आहेत. जुळे सोलापूरच्या घरांवरून येण्यापेक्षा रुळांच्या रेषेने आलं तर कुणाची झोप मोडत नाही. हेलिकॉप्टर भाड्याने घेणाऱ्यांना मॉडेलही सुचवता येतं. शेपटीचा छोटा पंखा गोल कड्यात बसवलेली हेलिकॉप्टर्स मिळतात, एअरबसचं एच१३५ किंवा एच१४५. त्या कड्यातली पाती मुद्दाम असमान अंतरावर असतात, म्हणजे आवाज एकाच सुरात कर्कश होत नाही.

पत्र जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्त यांना द्या, प्रत सार्वजनिक बांधकाम विभागाला. जवळ दवाखाना किंवा शाळा असेल तर त्यांच्या लेटरहेडवर वेगळं पत्र जोडा. सभेच्या आधी द्या, नंतर काही उपयोग नाही. आमच्या पत्राला उत्तर आलं नाही. पण पुढच्या सभेला हेलिकॉप्टर शेतांच्या बाजूने उतरलं, आणि मला २५० हर्ट्झची तपासणी मध्येच सोडावी लागली नाही. एअर ॲम्ब्युलन्सच्या विरोधात मात्र सही करू नका. कुणी मागायला आलं तरी करू नका.

आता विजेवर उडणाऱ्या यानांकडे येते, कारण पुढची पंधरा वर्षं हा विषय तिकडे जाणार आहे. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली, २०२५ च्या जूनमध्ये होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं. आकाश वापरायची सवय आता सोलापूरलाही लागते आहे. बंगळुरूची सरला एव्हिएशन आणि आयआयटी मद्रासमधून निघालेली ई-प्लेन कंपनी विजेवरची एअर टॅक्सी बनवत आहेत. उद्या कुणी पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटची दर्शनवारी घेऊन आलं, तर हरखून जा, पण प्रश्न विचारा.

ही यानं शांत का असतात, ते आधी समजून घ्या. मोटर शांत असते हे कारण फार छोटं आहे, हेलिकॉप्टरमध्येही बहुतेक आवाज पंख्याचाच असतो. विजेमुळे एका अवाढव्य पंख्याऐवजी सहा-आठ छोटे पंखे बसवता येतात, प्रत्येकाला स्वतःची मोटर. गिअरबॉक्सचं किंचाळणं जातं, टोकाचा वेग कमी ठेवता येतो, आणि पुढे जाताना भार विमानासारख्या स्थिर पंखांवर पडल्याने फिरत्या पंख्यांना हळू फिरता येतं. अमेरिकेतल्या जॉबी कंपनीच्या यानाचं मोजमाप नासाने केलं. ५०० मीटर उंचीवरून, ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने जाताना जमिनीवर ४५.२ डेसिबल. त्या उंचीवरून गेलं तर विजापूर रोडवर ते कुणाला कळणारसुद्धा नाही.

पण हा आकडा वरून जातानाचा आहे. ही यानं जिथून चढतात-उतरतात त्या अड्ड्याजवळ तुमचं घर असेल तर चढ-उताराचा आकडा मागा. जॉबीचाच तो आकडा शंभर मीटरवर ६५ डेसिबलच्या आत आहे. हेलिकॉप्टरपेक्षा कितीतरी चांगला, तरी अड्डा घरांच्या मधोमध नको, हे त्यावरून कळतं. दुसरा प्रश्न फेऱ्यांचा. दहा डेसिबलने शांत असलेलं यान दहापट वेळा उडालं, तर दिवसाची सरासरी जिथल्या तिथे येते. वर्षातून चार वेळा येणारं हेलिकॉप्टर आणि रोज चाळीस वेळा उडणारी टॅक्सी यांची तुलना एका फेरीवरून करू देऊ नका. परवानगीत दिवसाच्या फेऱ्या आणि रात्रीची बंदी लिहून घ्या.

तिसरा प्रश्न मे महिन्याचा. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे आणि उन्हाळ्यात पारा बेचाळिसावर जातो. तेव्हा इथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा साधारण तेरा टक्के विरळ असते. विरळ हवेत तेवढंच वजन उचलायला पंख्याला जास्त राबावं लागतं, म्हणजे जास्त आवाज. चाचणी जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांतल्या थंड सकाळी दाखवून भागणार नाही. मे महिन्यातल्या दुपारी तीनला, सगळ्या सीटवर माणसं किंवा वाळूच्या गोण्या भरून दाखवा म्हणावं.

चौथा प्रश्न पल्ल्याचा. एक किलो विमान-इंधनात सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते, चांगल्या बॅटरीत अडीचशेच्या आसपास. जॉबीच्या यानाने २०२१ मध्ये एका चार्जवर जवळजवळ २४९ किलोमीटर अंतर कापलं, पण आत माणूस नव्हता, जमिनीवरून चालवलं होतं. पंढरपूरचे सत्तर किलोमीटर समजू शकते. पुण्याची स्वप्नं कुणी दाखवली तर कागद मागा.

आणि पाचवं म्हणजे पट्टी. छोटे पंखे जोरात फिरले की आवाज वरच्या पट्टीत सरकतो, ड्रोनचा ऐकला असेल तसा. आकडा कमी, तरी मुलांच्या कानाला टोचणारा. म्हणून चाचणीच्या दिवशी मीटरसोबत दोन माणसं न्या: एक साठीपुढचं आणि एक दहाच्या आतलं मूल. मी अप्पांना आणि माझ्या भाचीला नेणार आहे. दोघांना एकमेकांपासून लांब उभं करायचं, हातात वही द्यायची; ऐकू आलं की वेळ लिहायची, बंद झालं की वेळ लिहायची, एकमेकांचं बघायचं नाही. तिसरी वही मीटरवाल्याची. तिन्ही वह्यांतल्या वेळा वेगवेगळ्या येतील. त्या जुळवत बसू नका, तशाच पत्राला जोडा.