‘सावळी आहे, पण…’ : कॅरिबियन लेखिकांच्या कथा गटात कशा वाचाव्यात

पाहुणे आले की आजी माझी ओळख करून द्यायची, “सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस.” सांगली म्हणजे हळदीची पेठ, तेव्हा घरात हळदीला तोटा नव्हता. साय-हळद चोळून अंग पिवळं व्हायचं, रंग तोच राहायचा. पन्नाशीत कॅरिबियन, म्हणजे वेस्ट इंडीजच्या बेटांवरच्या, लेखिकांच्या कथा हाती आल्या आणि आजीचा तो ‘पण’ तिथेही भेटला. आता विश्रामबागेत माझ्या घरी शनिवारी दुपारी आम्ही सात जणी या कथा वाचतो. तुम्हाला असा गट करायचा असेल, तर आमच्या अनुभवातून सांगते.

सुरुवात जमैका किंकेडच्या ‘गर्ल’पासून करा. किंकेड मूळची अँटिग्वाची. ही कथा १९७८ साली ‘न्यूयॉर्कर’ या अमेरिकी साप्ताहिकात आली. जेमतेम दोन-तीन पानं, आणि अख्खी कथा एका वाक्यात. आई मुलीला सांगतच सुटते, मुलगी मध्ये दोनदाच बोलते. एकीने आई वाचावी, दुसरीने मुलगी. इंग्रजी वाचून झालं की मराठीत सांगा, पण पुस्तकी मराठीत नको. आमच्यातली तासगावची एक जण म्हणाली, “रस्त्यानं फळं खायची न्हाईत, माश्या लागतील मागं,” आणि खोलीत एकदम शांतता झाली. प्रत्येकीला आपापली आई ऐकू आली होती. मग एकच प्रश्न विचारा : हे सगळे नियम पाळून कुणाला दाखवायचंय?

त्या प्रश्नासाठी थोडा इतिहास लागतो. दहा मिनिटं पुरे. साखरेसाठी आफ्रिकेतून माणसं गुलाम करून या बेटांवर आणली. ब्रिटिश वसाहतींत १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली, बहुतेक बेटांवर खरी सुटका १८३८ साली झाली. गोरे मळेवाले आणि गुलाम बायका यांच्या मुलांमधून रंगाच्या पायऱ्या तयार झाल्या. रंग जितका उजळ, तितकं जमीन, शिक्षण, नोकरी मिळणं सोपं. ऊस आपल्याकडेही आहे, वाळव्याच्या बाईला हे पटकन कळतं.

मग जीन ऱ्हीसची ‘द डे दे बर्न्ड द बुक्स’ घ्या, आणि घाई करू नका. ऱ्हीस १८९० साली डॉमिनिकात जन्मली, बेटावरच्या गोऱ्या घरात. कथेतला इंग्रज नवरा आपल्या मिश्रवर्णी, शिकलेल्या बायकोचे केस पाहुण्यांसमोर ओढून दाखवतो, की बघा, टोप नाही. तो मेल्यावर ती त्याची पुस्तकं काढते. चांगल्या बांधणीची विकायला, बाकीची जाळायला. आणि बायकांनी लिहिलेल्या पुस्तकांवर तिचा जास्तच राग. आमच्याकडे पहिल्यांदा सगळ्या जणी पुस्तकांच्या बाजूने बोलल्या. मी म्हटलं, आधी केसांचं पान पुन्हा वाचा. वाचून झाल्यावर कुणीच बोललं नाही. गोष्ट सांगणारी मुलगी गोरी आहे, तरी इंग्लंडची मुलं तिला आपलं मानत नाहीत, हेही निसटू देऊ नका.

जमैकाच्या ऑलिव्ह सीनियरच्या ‘ब्राइट थर्सडेज’ या कथेत पेन्सिल हातात ठेवा. सावळ्या आईची लॉरा वडिलांच्या आई-वडिलांच्या उजळ, प्रतिष्ठित घरात राहायला येते. रंग, केस, बोलणं, जेवायची रीत यांबद्दल कोण बोलतं आणि कुणाच्या घरात बोलतं, तिथे खूण करा. उघड शिवी शेवटी येते, वडिलांच्याच तोंडून. त्याआधीच्या खुणा मोजल्यात, तर ती अचानक आली असं वाटणार नाही.

“म्हणजे आपल्या जातीसारखंच,” असं कुणीतरी म्हणणारच. तिला गप्प करू नका, पण तिथेच थांबूही नका. जातीला आधार धर्मग्रंथांचा होता, तिकडे मळ्यांचा आणि गुलामबाजाराचा. आधी फरक फळ्यावर लिहा, मगच साम्य. आमच्या गटातली एक जण जातीबद्दल बोलायला चार महिन्यांनी तयार झाली. तेवढा वेळ द्यायलाच हवा.

सीनियरचीच ‘अरायव्हल ऑफ द स्नेक-वुमन’ शेवटी ठेवा. ती लांब आहे, दोन शनिवार लागतात. १८४५ सालापासून जमैकात करारावर हिंदुस्थानी मजूर नेले जात होते. कथेत अशीच एक साडीतली बाई डोंगरातल्या कृष्णवर्णीय वस्तीत येते आणि गाव तिला ‘मिस कुली’ म्हणतं. इथे ज्यांना तुच्छ लेखलं गेलं, तेच तिच्याकडे संशयाने बघतात. मिरज जंक्शनवर ‘ए कुली’ ही हाक मी कितीदा दिली असेल. ते पान मी गटात मोठ्याने वाचत नाही, पुस्तक पुढच्या बाईकडे देते.